आमच्या गावची स्मशानशेड: जुलै २०२३ ते जून २०२५

आई गेली २०२३ च्या जुलैअखेरीला. आठवडाभर पावसानं उघडीप दिली नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातली आमची कुंभी नदी पात्र सोडून मळीत, म्हणजे काठच्या रानात, शिरली होती आणि स्मशानाकडं जाणाऱ्या पाणंदीत गुडघ्याएवढा चिखल होता. मी एकुलती एक, त्यामुळं अग्नी मीच द्यायचा हे आईनं आधीच सांगून ठेवलं होतं. गावात तोवर कुणी बाईमाणूस स्मशानात गेलेलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यावरून कुणी शब्द काढला नाही. सगळ्यांचं लक्ष पावसाकडं होतं.

स्मशानात तेव्हा एक दगडी कट्टा होता, नदीच्या अंगाला खचलेला. वर आभाळ. भावकीतल्या आठ जणांनी बांबूला निळी ताडपत्री बांधून चितेवर धरली. शेणी, म्हणजे गोवऱ्या, दमट, लाकडं ओली. वीस लिटर डिझेल ओतलं, साखर टाकली. जाळ धरला तशी ताडपत्रीला मधोमध भोक पडलं आणि वितळलेलं प्लास्टिक टपटप गळायला लागलं. चुलतभावाच्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. साडेचार तास ती माणसं आळीपाळीनं उभी होती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला गेलो, तर रक्षा नव्हतीच. रात्रीच्या पावसानं ती उताराला वाहून गेली होती. कट्ट्याच्या फटींत काळा चिखल साठला होता. बरोबरच्या वडीलधाऱ्या तात्यांनी तो हातानं खरवडून पाटीत भरला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "ह्यातच हाय आई, समज पोरी." त्या पाटीचं वजन माझे हात विसरलेले नाहीत.

आज तिथं शेड आहे. या दोन वर्षांत काय काय लागलं, कुठं थांबावं लागलं, किती पैसे गेले, ते तारखांनिशी लिहून ठेवते आहे. हे सांगणारं कुणी मला सुरुवातीला भेटलं असतं, तर निदान सहा महिने वाचले असते. मी गावातल्या महिला दूध संस्थेची सेक्रेटरी. दुधाचं फॅट लावणं, बिलं काढणं हे रोजचं काम. सरकारी फायलीचा अनुभव शून्य.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि शेड पाहिजे म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या, सरपंच "करूया की" म्हणाले. महिन्यानं इतिवृत्त बघितलं, तर माझ्या विषयाची ओळसुद्धा नव्हती. ग्रामसेवकांनी समजावून सांगितलं की विषय अजेंड्यावर नव्हता, त्यामुळं ठराव झालाच नाही. पहिली शिकवण ही. ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज द्या, दोन प्रती न्या, एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. बोललेलं वाऱ्यावर जातं, पोच घेतलेला कागद कुठंतरी नोंदला जातोच.

मी अर्ज दिला आणि २ ऑक्टोबरच्या अजेंड्यावर विषय आला. पण त्या दिवशी माणसंच आली नाहीत. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्याकडं त्याचा अर्थ १००. हजर होते ६४. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं पुढच्या आठवड्यात दहा जणांत ठराव उरकता आला असता. सरपंच तयार होते. मीच नको म्हणाले. दहा जणांच्या सह्यांवर उभ्या राहिलेल्या कामाला पुढं वर्गणी कोण देणार, असं मला वाटलं. त्यात चार महिने गेले, तरी तो निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं.

तोवर पैशाची चौकशी केली. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला येत होता, पण त्यातला ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. उरलेल्या ४० टक्क्यांचा आमचा आराखडा आधीच गटारी आणि शाळेच्या दुरुस्तीला ठरला होता. विस्तार अधिकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली. ग्रामपंचायतींना जनसुविधांसाठी विशेष अनुदान मिळतं. गावात सगळे त्याला नुसतं 'जनसुविधा' म्हणतात. जिल्हा नियोजन समितीकडून येणारा हा पैसा दहनभूमी, दफनभूमी, ग्रामपंचायत इमारत अशा कामांसाठी असतो.

२५ जानेवारी २०२४ ला महिला ग्रामसभा होती. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, पण बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. आम्ही आठ दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होतो. १३१ बायका आल्या. स्मशान हा विषय बायकांनी बोलायचा नसतो म्हणतात, पण त्या दिवशी एकेक जण उभी राहून आपापला पाऊस सांगू लागली. कुणाचा नवरा, कुणाची सासू, एकीचं नऊ वर्षांचं पोर. लिहून घेता घेता ग्रामसेवक थांबले होते.

मग मागून बौद्धवाड्यातल्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "मी एक इचारतो बाई. शेड हुईल ती वरच्या कट्ट्यावर. आमची जागा खाली, वढ्याकडंला. पयलं पाणी तितंच येतं. एकोणीसला आन् एकवीसला आमची मयतं गाडीत घालून कोल्लापुरास्नी न्यावी लागली. मग त्या शेडात आमाला येऊ देणार काय न्हाई? देणार असशीला तर तसं कागदावर लिवा."

सभा गप्प झाली. माझ्या अर्जात हे नव्हतं. शेडची लांबी-रुंदी मी मनात दहा वेळा मोजली होती, पण तिथं कोण येणार हा प्रश्न मला पडला नव्हता. खाली बसल्यावरसुद्धा माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत याच मुद्द्यावर तासभर गेला. एक-दोन वडीलधारी मंडळी "ज्याची त्याची जागा पहिल्यापासून ठरलेली हाय" म्हणत राहिली. तालमीतली पोरं मागं उभी होती. त्यांतला एक जण पुढं येऊन म्हणाला, की १९०२ साली निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या जिल्ह्यात आपण जळायच्या जागेवरून भांडतोय, हे बरं दिसत नाही. त्यानंतर विरोध राहिला असेल, तो मनात राहिला. ठरावात वाक्य घातलं: "सदर स्मशानशेड व तेथील सर्व सुविधा गावातील सर्व जातिधर्मांच्या नागरिकांसाठी खुल्या राहतील." सूचक म्हणून माझं नाव लागलं, अनुमोदक म्हणून त्या मावशींचं. तुमच्या गावात असं काही करणार असाल, तर हे वाक्य पहिल्याच मसुद्यात घाला. कुणाला ते मागायला लावू नका.

ठराव झाल्यावर जागेचा पेच पुढं आला. सातबाऱ्यावर स्मशानाला बारा गुंठे होते, पण नदीनं काठ खाल्ला होता आणि बाजूच्या रानातला ऊस आत सरकला होता. नक्की हद्द कुणालाच सांगता येईना. अंदाजपत्रक करणारे अभियंता म्हणाले, हद्द दाखवा, मग शेड कुठं बसवायची ते सांगतो. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. तेव्हा साधी, तातडी, अतितातडी असे प्रकार होते. आम्ही तातडीचे २,००० रुपये भरले. १ डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार झालेत आणि दर बदललेत, त्यामुळं आमचा आकडा धरून चालू नका. मोजणीची तारीख मिळाली २३ एप्रिल.

त्या दिवशी उन्हात भूकरमापकांबरोबर अर्धं गाव फिरत होतं. खुणा रोवल्या तेव्हा कळलं की जुना कट्टा जवळपास नऊ फूट शेजाऱ्यांच्या रानात आहे आणि शेजाऱ्यांचा ऊस दोन गुंठे आमच्या बारा गुंठ्यांत. शेजारी आण्णा जुने पैलवान, बोलायला कडक. मला वाटलं, आता कोर्टकचेरी. आण्णा बांधावर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "माझ्या बाऽलाबी तितंच जाळलाय. ऊस तुटूस्तवर थांबा, मग कुदळ मारा." त्यांनी हे लेखी द्यावं, असं मला मनातून वाटत होतं आणि मागायची लाज वाटत होती. शेवटी तात्यांनी मागितलं. आण्णांनी लगेच सही केली. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, मे महिन्यात हातात आली. सातबारा, 'क' प्रत आणि आण्णांचं संमतीपत्र हे तीन कागद पुढं प्रत्येक टेबलावर मागितले गेले. मी सुरुवातीलाच दहा-दहा झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या लागल्या.

मधल्या काळात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. कोल्हापूरचं मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. अभियंता मार्चच्या पहिल्या आठवड्यात जागा बघून गेले होते, पण हद्द आणि आचारसंहिता या दोन्हींमुळं अंदाजपत्रक अडकलं. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी निवडणुकीचं वर्ष आधी बघावं. आचारसंहितेत कागद तयार करता येतात, नवी मंजुरी मिळत नाही. तो वेळ मोजणी, दाखले आणि नकाशे यांत घालवला तर वाया जात नाही.

अंदाजपत्रक पहिल्यांदा ८ लाख ४० हजारांचं झालं. २०२१ च्या पुराची खूण आमच्याकडं पाणंदीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या बुंध्यावर आहे. तिच्या वर कट्टा उचलायचा तर खर्च आवाक्याबाहेर जात होता. निधी ६ लाखांपर्यंतच मिळण्यासारखा होता, म्हणून कट्टा साडेतीन फूट उंच आणि शेड वीस बाय तीस फूट, दोन चितांसाठी, असं ठरलं. याचा अर्थ, २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर आमची शेडसुद्धा पाण्यात जाईल. ही उणीव राहिली आहे आणि ती मला टोचते. पण दरवर्षीच्या पावसाला आणि लहान पुराला ती पुरेल.

२० जूनला प्रस्ताव दिला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत आला. या कामावर आधी कुठल्याही योजनेतून खर्च झालेला नाही, असा ग्रामपंचायतीचा दाखला जोडलेला नव्हता. तो जोडून दिला. पुन्हा परत आला. ठरावात गट नंबर एक होता आणि सातबाऱ्यावर शेवटचा आकडा वेगळा. टाइप करताना झालेली चूक, आणि ठराव चार वेळा वाचूनही आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. दुरुस्तीसाठी मासिक सभेचा ठराव, त्याची नक्कल, पुन्हा सह्या. त्यात पंधरा दिवस गेले.

त्याच पंधरवड्यात पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. बंधाऱ्यावर ४३ झालं की आमच्या जुन्या कट्ट्याला पाणी लागतं. त्या आठवड्यात वरच्या गल्लीतल्या काकू गेल्या. पुन्हा ताडपत्री, पुन्हा डिझेल. मी घरी बसून होते आणि फायलीतला तो एक चुकलेला आकडा डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या रात्री मी फार रडले.

ऑगस्टमध्ये फाईल जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक असल्यानं आपल्या गटाचा सदस्य असा कुणी नव्हता, ज्याला फोन करून विचारावं. दर पंधरा दिवसांनी मी दुपारच्या एसटीनं जायचे. एका टेबलावर तीन फेऱ्या नुसत्या "साहेब मीटिंगला गेलेत" यातच गेल्या. चौथ्या फेरीला एका वयस्कर शिपायानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, झालं काय असं विचारू नका. आवक नंबर सांगा आणि फाईल कुठल्या टेबलाला आहे तेवढंच विचारा." तेव्हापासून तसंच केलं. वहीत तारीख, टेबल, कोण भेटलं आणि पुढं काय म्हणाले, असे चार रकाने आखले. आवाज चढवायची वेळ एकदाच आली होती. तेव्हा मी बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि परत आत गेले.

याच दिवसांत गावात पैसे उभे करायचे होते. सरकारी निधीतून शेड होणार होती. दाहिनी (चिता रचायचा बिडाचा सांगाडा), पाणंदीचा मुरूम, पाणी, दिवे आणि शेणी ठेवायची खोली यांचा खर्च गावानं करायचा, असं ठरावात लिहिलं होतं. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. गावात पाच मंडळं. आधी एक गाव एक गणपती करूया म्हणून बैठक घेतली, ती जमली नाही. प्रत्येक तालमीचा आपला गणपती, आपली आरती. मग तालमीतल्या त्याच पोरानं दुसरं सुचवलं: गणपती पाच असू देत, पण मिरवणुकीची साउंड सिस्टीम रद्द करून ते पैसे शेडला द्यायचे. तीन बैठका झाल्या. शेवटी पाचही मंडळांनी प्रत्येकी १८,००० रुपये दिले. अनंत चतुर्दशीला, १७ सप्टेंबरला, मिरवणूक हलगी, लेझीम आणि टाळ-मृदंगावर निघाली. रात्री दहाला नदीवर पोचलो. म्हातारी माणसं दारात खुर्च्या टाकून बसली होती. आमच्या गावची इतकी सुंदर मिरवणूक मी लहानपणी बघितली होती, त्यानंतर आताच.

दुसरा पैसा दुधाचा. दिवाळीआधी सभासदांना दूध फरक, म्हणजे घातलेल्या दुधावरची जादा रक्कम, मिळतो. संस्थेच्या वार्षिक सभेत विषय घेतला: फरकातून शंभराला पाच रुपये शेडसाठी, पण ज्यांची लेखी संमती असेल त्यांचेच. हे महत्त्वाचं आहे. सभेनं ठराव केला म्हणून सगळ्यांचे पैसे सरसकट कापायचे नाहीत, प्रत्येक सभासदाचं संमतीपत्र हवं. १८७ पैकी १६८ जणींनी सह्या केल्या. एकोणीस जणींनी केल्या नाहीत आणि त्यांची नावं मी आजवर कुणाला सांगितलेली नाहीत. एकीनं तर अंगठा उठवून वर विचारलं, "पाचाचं धा कापलं तर चालंल न्हवं?" ७३,४५० रुपये जमले. सुट्या देणग्या ४८,२०० झाल्या. त्यांत ५१ रुपयांपासून एका फौजी भावाच्या ११,००० पर्यंत सगळं आलं. मंडळांचे ९०,००० धरून एकूण २,११,६५० रुपये. सगळी रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात भरली आणि प्रत्येकाला नमुना नंबर ७ ची पावती दिली. वेगळी कमिटी करून घरात पैसे ठेवायचा सल्ला पुष्कळांनी दिला होता. आम्ही तो ऐकला नाही आणि त्यामुळं आजवर पैशावरून एक शब्दही निघालेला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला जमाखर्चाचा कागद दूध संस्थेच्या दारावर चिकटवायचो. दूध घालायला आलेली माणसं किटली खाली ठेवून तो वाचायची.

९ ऑक्टोबरला ६ लाखांची प्रशासकीय मान्यता मिळाली. कार्यारंभ आदेश निघायच्या आत १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सहा दिवसांनी हुकलं. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. पुढं निविदा मागवल्या, तीन आल्या, आणि १८ डिसेंबरला आदेश हातात पडला. तेवढ्यात आण्णांच्या उसाला तोड मिळेना. तोडकऱ्यांची टोळी येते येते म्हणत महिना गेला. आण्णा स्वतः कारखान्याच्या गट ऑफिसला रोज हेलपाटे घालत होते. २१ जानेवारीला ऊस तुटला.

२६ जानेवारी २०२५ ला झेंडावंदन करून आम्ही कुदळी-फावडी घेऊन तिथं गेलो. पाणंदीचा चिखल उपसायचा, बाभळी काढायच्या, मुरूम पसरायचा. सलग पाच रविवार श्रमदान चाललं. दुसऱ्या रविवारपासून दोन्ही वाड्यांतल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या. भाकरी, झुणका आणि खर्डा, सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं. मुरूम आणि डंपरला ५४,००० गेले, मजुरी शून्य.

दाहिनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ओतून घेतली. कोल्हापुरात बिडाचं काम मिळणं अवघड नाही. आमच्याच गावातला एक मुलगा तिथं फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासायच्या कामाला, आहे. दोन संच, मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास, ६८,००० रुपये. घ्यायला गेलो तेव्हा सगळे भाग जमिनीवर मांडलेले होते आणि तो मुलगा ग्राइंडर बंद करून प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवत होता. एक जागा त्याला खरखरीत लागली, ती त्यानं परत घासली. मी म्हणाले, एवढं कशाला. तर म्हणाला, "ताई, त्या वक्ताला माणसाचं ध्यान नसतं. हात कापंल कुणाचा तरी."

शेणीची खोली ३८,००० ला झाली. ती बांधायचं कारण कोल्हापूरचंच. पंचगंगा स्मशानभूमीला होळीच्या वेळी शहरातली मंडळं आणि आसपासची गावं शेणी दान करतात, ते आम्ही वर्षानुवर्षं बघत आलोय. १३ मार्चच्या होळीला आमच्या गावानंही होळी लहान केली आणि घरटी दहा शेणी खोलीत टाकल्या. त्या एका संध्याकाळी खोली भिंतीच्या निम्म्यापर्यंत भरली. वाळलेल्या शेणींचा वास, ओळ लावणाऱ्या पोरांचे राखाडी हात, आणि दारात उभं राहून शेणी मोजणाऱ्या बौद्धवाड्यातल्या त्या मावशी. पाण्याची टाकी आणि पाइपला २१,५००, दोन सोलर दिव्यांना २४,०००. गावच्या पैशातले ६,१५० रुपये शिल्लक आहेत, ते दुरुस्तीसाठी तसेच ठेवलेत.

शेडचं काम मार्चमध्ये सुरू झालं. कट्ट्याचं काँक्रीट एप्रिलमध्ये. रोज संध्याकाळी दूध संस्था बंद करून मी पाणी मारायला जायचे, कारण क्युरिंगला ठेकेदाराची माणसं थांबत नव्हती. तुम्हीही कुणीतरी एकानं हे काम अंगावर घ्या. १४ मेला छताचे पत्रे चढले. चार-सहा दिवसांतच वळीव कोसळायला लागला आणि त्या वर्षी २५ मेलाच मान्सून महाराष्ट्रात आला. आठ दिवस उशीर झाला असता, तर शेड पुढच्या वर्षावर गेली असती. ३० मेला अभियंत्यांनी मोजमाप पुस्तकात नोंद केली. जागेचे अक्षांश-रेखांश दिसणारे फोटो जोडले. कामाआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे, तिन्ही लागतात. आधीचे फोटो मी नशिबानं काढून ठेवले होते. कामगार उपकराचा एक टक्का, कर आणि अनामत वजा होऊन ठेकेदाराचं बिल जूनच्या मध्याला निघालं.

उद्घाटन करायचं नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. अशा जागेची फीत कोण कापणार.

२४ जूनला आण्णा गेले. वय ८३. दुपारपासून पाऊस धो धो होता. पत्र्यावर इतका आवाज होत होता की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण आत सगळी माणसं कोरडी उभी होती. आम्ही अकरा बायकाही कडेला उभ्या होतो. शेणी खडखडीत वाळलेल्या, जाळ पहिल्याच काडीला धरला. डिझेलचा कॅन आणलेला होता, तो तसाच परत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाला गेलो. आण्णांच्या मुलानं कुंच्यानं दाहिनीखालची रक्षा गोळा केली. पांढुरकी, हलकी, बोटांतून निसटणारी. तात्यांनी पाटी पुढं धरली होती. नदीकडून वारा सुटला आणि पाटीतली रक्षा उडायला लागली, तशी तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून वर झाकला.